शेऱ्याचा रकाना

चवथीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे परीक्षक,
खात्याची जीप, मांडीवर छापील तक्ते:
वस्तूंची संख्या, पन्नास गुण. मांडणी, तीस.
माहिती, वीस.
शेऱ्यासाठी दोन बोटं जागा.

सकाळपासून सात माटोळ्या झाल्या होत्या.
एकाने कवंडळांचा मोर केला होता,
एकाने सुपाऱ्यांचा अख्खा गोवा, तालुक्यांसकट,
आणि प्रत्येक घरी नेवऱ्या, नाही म्हणता येत नाही.
आठवं घर सगुण गांवसाचं,
पिसुर्ल्याच्या अलीकडे, जिथे रस्ता अजून लाल
आणि ट्रक नसले तरी कुत्री कडेकडेनेच चालतात.

सगुणचा हात मी तीन वर्षं ओळखतो.
गेल्या खेपेला चारशे बारा जिन्नस, पहिला क्रमांक:
कांगले, घागऱ्या, कुड्याच्या शेंगा,
तोरिंजन बरोबर देवाच्या माथ्यावर,
आणि गाठी अशा
की सुरी लावल्याशिवाय सुटू नयेत.

यंदा मान वर केली
आणि वाटलं आपण उशिरा आलो,
विसर्जन होऊन गेलं.

चौकट तीच. नारळ होता, सुपारीचे घड होते.
बाकी दोर.
कुंभ्याचे वाक, सोललेले, भिजवून वळलेले,
प्रत्येकाच्या टोकाला फासा
आणि फाशात काही नाही.
फासा मात्र मापाचा:
हा आवळ्याएवढा, हा मुठीएवढा,
हा लांबट, कुठल्याशा शेंगेचा.

देसाईबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "व्हायची आहे का अजून?"
"ना. पुरी आहे."

मग तो काठीने एकेक दोर हलवत गेला.
हे फूल जुलैतच फुलून गेलं.
मेपासून पाऊस, त्याला कसं कळावं चवथ कधी.
हा वेल खाणीच्या ढिगाखाली.
ही झाडं वणव्यात, पाच दिवस धूर होता डोंगरावर.
ह्याचं नाव माझ्या आईला ठाऊक होतं.
रंग सांगतो, चव सांगतो,
नाव नाही.

काठी पुढे गेली तरी मागचा दोर हलत राहायचा.
खाली गणपती, शेतात साचलेल्या खाणीच्या गाळाचा.
त्याला रंग लावावा लागला नव्हता.

नाईक सर, कृषी खात्यातून निवृत्त, नियमाचे पक्के.
म्हणाले, मोजण्यासारखे बावीस.
मी दोर मोजले. चुकलो. पुन्हा मोजले.
तीनशे नव्वद.
"बेरीज जुळते," सगुण म्हणाला.

तेवढ्यात त्याची सुलू, पाचवीत असेल,
चहाचा ट्रे सांभाळत:
"पण सगळी गेली नाहीत हां.
काही आहेत. आम्ही तोडली नाहीत."
कुठली गं?
तिने बापाकडे पाहिलं.
बापाने काठी कोपऱ्यात ठेवली, नीट, तिरकी.

"एकेकच दिसलं झाडावर," ती म्हणाली.
"बी पडू दे म्हणतो.
कुठलं ते सांगत नाही तो कोणाला. मलापण नाही.
सांगितलं तर उद्या म्हापशाच्या बाजारात."

मी पुन्हा वर पाहिलं.
आता प्रत्येक रिकाम्या फाशाचा संशय येत होता.
कुठला मेलेल्याचा,
कुठला राखलेल्याचा,
दोन्हींची गाठ एकाच हाताची, एकसारखी.
वाऱ्याला तरी फरक कळत असेल का?

जीपमध्ये नाईक सर हिशेब मांडत होते.
माहितीचे वीसपैकी वीस द्यावेत का,
अर्धी माहिती दडवली तर?
देसाईबाई काही बोलल्या नाहीत डिचोलीपर्यंत.
दोन बोटं जागेत मी पेन टेकवलं,
एक टिंब उमटलं, तेवढंच.

माझ्या घरीही माटोळी आहे.
म्हापशाहून आणलेली, बांधलेली जुडी, अडीचशे रुपये.
त्यात माट्टीचं एक फळ होतं.
घासाघीस केली होती मी त्यावरून, वीस रुपये सोडवले होते,
कुठल्या डोंगरावरून आलं ते विचारलं नव्हतं.

रात्री सगळे निजल्यावर स्टुलावर चढून पाहिलं.
देठ अजून हिरवा होता.